डावी बाही

६ मार्च

धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. जो जायचा तो जाऊन बसलाय. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की पत्र्याच्या शेडमधल्या सगळ्या बायका भांड्यांचे आवाज बंद करून ऐकत बसतात. म्हणून लिहितेय. शाळेत चार वर्षं गेले, त्यातलं निम्मं विसरले. चुका काढत बसू नकोस.

काम असं आहे. रस्त्याच्या कामावर लागल्यापासून मी तुझ्या भावाचे शर्ट घालते, माझ्या कपड्यांवरून. इथे सगळ्याच घालतात, कोणी नवऱ्याचा, कोणी भावाचा. हात सोलत नाहीत आणि खडीची धूळ आत जात नाही. डांबर पडायच्या आधी रस्ता खराट्याने साफ करायचा, ते माझं काम. खडी कमी पडली की घमेलंही उचलावं लागतं. त्याचे सुती शर्ट होते ते दोन्ही गेले. घमेलं मी खांद्यावर घेते, डोक्यावर घेतलं की मान धरते. खांद्यावर कड घासून घासून कापड जाळीसारखं झालं.

आता उरलाय तो राखाडी टेरिकॉटचा. तूच शिवलेला, चार लोकांत जायचं असलं की घालायचा तो. दणकट आहे, काही केल्या मरत नाही. पण ऊन चढलं की आत घामाचं तळं होतं. मुकादम रोज कुरकुरतो, "नवऱ्याचा तंबू घालून येतेस. आतल्या आत शिजशील आणि नाव माझं होईल." तो बोलतोच. पण एका शर्टावर उन्हाळा निघायचा नाही.

तर असाच एक शिवून पाठव. असाच म्हणजे असाच. कॉलर तीच, खिसा तोच, माप तेच. उन्हात चालेल आणि टिकेल असं कापड तू बघ. दुकान तुझं, अक्कल तुझी.

डॉक्टरला कान दाखवलेस का? नसशीलच.

तुझी वहिनी

*

१५ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मशीनवर होते. पोस्टमनने आधी हाक मारली असणार, मग टेबलावर थाप मारली, तेव्हा मान वर केली. तुझं अक्षर बघितलं आणि इतका आनंद झाला की शाळेच्या चड्डीला उलटी पट्टी लावून बसले. परत उसवावी लागली.

कान दाखवले. डॉक्टर म्हणाला, मशीनच्या आवाजाने गेलेत. मी म्हटलं, मशीन बंद केलं तर पोट जाईल. तो हसला. मला वाटतं हसला, तोंड तसं झालं होतं.

तुमच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय. तान्हं मूल आहे. म्हणे अख्खी गल्ली डोक्यावर घेतं. मला ऐकू येत नाही हे बरं म्हणायचं की वाईट, ते ठरत नाही. येता-जाता दाराकडे बघितल्याशिवाय पाय पुढे जात नाही. दारावरचा रंगही त्यांनी बदलला.

आता कापडाचं. वहिनी, डांबराशेजारी टेरिकॉट? तुझं डोकं फिरलंय का? ते घाम पीत नाही, वारा आत सोडत नाही. प्लास्टिकची पिशवी घालून उभं राहावं तसं आहे. शुद्ध सुती घे. मी तुझ्यासाठी छान कोट शिवते, बायकांच्या मापाचा. कंबरेत जरा घेतलेला, बाजूला दोन खिसे, मागे पट्टा. फिका रंग, म्हणजे ऊन कमी ओढेल. तुझं माप कळव, सुतळीने मोजलंस तरी चालेल.

आणि घाबरू नकोस, शिलाई घेणार नाही.

तुझी धाकटी

*

२३ मार्च

धाकटे,

कंबरेत घेतलेला कोट कोणाला? मी रस्ता झाडते, मिरवणुकीत चालत नाही. मागे पट्टा म्हणे. तो पट्टा रोलरमध्ये अडकला तर मी तुझ्या टेबलक्लॉथसारखी सपाट होऊन घरी येईन.

मी शर्ट मागितला. त्याचा. त्याच्या मापाचा.

आणि सुतीचं गुणगान मला सांगू नकोस. दोन सुती शर्ट मी माझ्या अंगावर मरताना बघितले. पहिला खांद्यावर गेला, दुसरा काखेत. घाम सुकतो, मीठ राहतं, कापड पापडासारखं कडक होतं आणि वाकलीस की टर्रर्र. त्या दुसऱ्याचे तुकडे पाय पुसायला ठेवलेत. एक दिवस शेजारच्या बाईने त्यातल्या एका तुकड्याने चुलीवरचं भांडं उतरवलं, मी तिच्याशी अजून बोलत नाही. टेरिकॉट गरम आहे, कबूल. पण राहतो.

इथे बायका जेवायला जोडीजोडीने बसतात. एकमेकींच्या डब्यात हात घालतात. मी रोलरच्या सावलीत बसते, ती सावली मोठी असते आणि बोलत नाही. रोलरवाला म्हातारा आहे, बरा आहे. काल म्हणाला, "बाई, त्या शर्टात तुझ्यासारख्या दोघी मावतील." मी म्हटलं, दोघंच असतो आम्ही. त्याला कळलं नाही. बरं झालं.

बाह्या मी दोनदा दुमडते. सकाळी पहिलं काम ते. मग दिवस सुरू होतो. हे तुला का लिहिलं कोण जाणे.

शर्ट शिव.

वहिनी

*

१ एप्रिल

प्रिय वहिनी,

एक बटण लावायला तू दादाला माझ्याकडे पाठवायचीस आणि आता मला कापड शिकवतेस! घरात सुई होती की नव्हती तुझ्या, मला खरंच कधी कळलं नाही. राग मानू नकोस, गंमत करते.

तुझे सुती शर्ट मेले कारण ते ऑफिसात बसायचे शर्ट होते. विरळ पॉपलीन. उन्हात राबायला सुतीच हवं पण घट्ट विणीचं. मी बाजारात तीन दुकानं हिंडले. पातळ ड्रिल मिळालं, पांढुरकं, हाताला मऊ. उजेडासमोर धरलं तर दिवा दिसत नाही, पण तोंडाला लावून फुंकर मारली तर पलीकडे हाताला लागते. दुकानदार म्हणाला, बाई, कापड घ्यायचंय की शंख वाजवायचाय? मी म्हटलं, माझ्या वहिनीला श्वास घ्यायचाय.

खांद्यावर आतून दुहेरी पट्टी घालते, घमेल्याची कड तिथे घासू दे. काखेत वेगळा चौकोनी तुकडा जोडते, म्हणजे हात वर केलास की ताण शिवणीवर येणार नाही. दोराही सुती वापरते. कापड आधी दोनदा भिजवून आटवलंय.

पण माप? दादाचं माप माझ्याकडे नाही. ती वही दुकान हलवताना हरवली. राखाडी शर्ट पाठव, त्यावरून काढते आणि लगेच परत करते.

काल पहिल्यांदा ते तान्हं मूल ऐकू आलं, की मला तसं वाटलं. मशीन बंद करून बघितलं तर काहीच नाही.

तुझी धाकटी

*

१९ एप्रिल

धाकटे,

उशीर झाला. अक्षर वाकडं आहे, वाचून घे. चुलीपाशी हात भाजला, उजवा. विशेष काही नाही.

शर्ट पाठवते. पाठवणार नव्हते. पण मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं, हा शर्ट घालून आलीस तर हजेरी लागणार नाही. सुती आण नाहीतर गाठोडं बांध. गाठोडं बांधून जायचं कुठे ते त्याने सांगितलं नाही. खोली तर तुला माहीतच आहे, रंगसुद्धा बदलला.

हात बरा होईपर्यंत दहा-बारा दिवस शेडमध्ये बसून आहे. दिवसा इथे कोणी नसतं. पत्रा तापतो, कडकड वाजतो. एवढं रिकामं मी आयुष्यात बसले नव्हते.

नीट ऐक, म्हणजे वाच. माप वरून घ्यायचं. टेप लावायची. शर्ट धुवायचा नाही. उसवायचा नाही. इस्त्री फिरवायची नाही. माप घ्यायचं आणि आहे तसा परत पाठवायचा. माझ्याकडे एवढाच आहे.

वहिनी

*

२८ एप्रिल

वहिनी,

पुडकं उघडलं आणि आधी दाराला कडी लावली.

चुलीच्या आचेने कापड असं होत नाही. चुलीने भोक पडतं, कडा काळ्या होतात. उजव्या बाहीला कोपराखाली वितभर जागा वितळून घट्ट झालीय, काचेसारखी, आणि आतल्या बाजूने त्याला काय चिकटलंय ते मी लिहीत नाही. चाळीस वर्षं कापडात आहे मी. डांबर उडालं ना? आणि टेरिकॉट वितळून कातडीवर बसलं. ते ओढून काढताना काय झालं असेल, मला कळतं. तू मला चूल सांगितलीस.

मी शर्ट उसवला, वहिनी. सगळा. माप नीट मिळेना म्हणून उसवला. रागाव, पण आता तो परत अंगात घालता यायचा नाही एवढं नक्की. पुडक्यात तुकडे पाठवतेय, इस्त्री न करता, न धुता. पाठ, दोन्ही पुढचे भाग, कॉलर, खिसा, एक बाही. दुसरी बाही फारच जळाली होती, ती टाकून दिली. बटणं कागदात बांधलीत.

नवा शर्ट सोबत आहे. सुती असता तर डांबर उडालं तरी चटका बसला असता आणि कापड झटकता आलं असतं. असं चिकटलं नसतं. एवढ्यासाठी तरी घाल.

हाताला काय लावतेस? खरं सांग.

धाकटी

*

७ मे

वन्सं यांस,

पुडकं मिळालं.

तुम्ही चांगल्या शिंपीण आहात असं लोक म्हणतात. चाळीस वर्षं कापडात असलेल्या बाईला माप घ्यायला शर्ट उसवावा लागतो, हे मी प्रथमच ऐकलं. माझी पोरंबाळं नाहीत म्हणून मला दूधखुळी समजू नका. आणि वही हरवली म्हणे. तुमच्या भावाचं माप तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुकडे खाटेवर मांडले. पाठ, पुढचे दोन, कॉलर, खिसा, एक बाही. मांडल्यावर माणूस आडवा पडल्यासारखं दिसलं, एका हाताचा. शेजारची बाई आत आली आणि तशीच पाठी फिरली.

तुम्ही लिहिलंत, जळालेली बाही टाकून दिली. जळाली ती उजवी. उजवी इथे माझ्यासमोर आहे, वितळलेल्या खुणेसकट. डावी धडधाकट होती. मी रोज दुमडत होते, मला माहीत आहे.

डावी कुठे आहे?

नवा शर्ट घातलेला नाही. घालणारही नाही. मुकादमाने चार दिवसांची मुदत दिलीय, मग माझ्या जागी दुसरी बाई आणणार. आणू दे.

वहिनी

*

१५ मे

वहिनी,

पत्रात 'वन्सं' आणि 'तुम्ही' वाचून मी ते बंद करून ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं. तोवर तुझी मुदत संपली असेल. पोस्टाला पाय नाहीत, आणि मी फोन केला तर तू बोललेलं मला ऐकू येणार नाही.

डावी माझ्याकडे आहे. जळालेली तुझी, म्हणून ती तुला पाठवली, आणि खोटं रचताना एवढंही भान राहिलं नाही.

माप मला पाठ आहे, हेही खरं. दादाचं माप मला लागणारच नव्हतं. शर्ट एकदा हातात घ्यायचा होता मला. त्याचं सगळं तुझ्या ट्रंकेत गेलं, जायलाच हवं होतं, तुझा नवरा. माझ्याकडे काय? तो यायचा तो बटण घेऊन. पंधरा दिवसांतून एकदा तरी काहीतरी तुटायचंच. मी मनात तुला हसायचे, की हिला साधं बटण लावता येत नाही. तो त्या मोडक्या स्टुलावर बसायचा, मी बटण लावायचे, मग चहा, मग उगाच गप्पा. बटणाचं काम दोन मिनिटांचं. तो अंधार पडेपर्यंत बसायचा. मला ऐकू यावं म्हणून माझ्या उजव्या कानाजवळ बोलायचा. आता त्या बाजूने कोणी बोलत नाही.

उसवला तो मुद्दामच. ती काच झालेली बाही बघितली आणि वाटलं, हा शर्ट परत गेला तर ही बाई पुन्हा घालेल. मला तू माहीत आहेस.

पण उसवल्यावर मला त्यात दुसरंच माप सापडलं. बाहीला आतून दुमडल्याच्या दोन रेघा होत्या, पक्क्या बसलेल्या. दादाच्या मनगटापासून चार बोटं वर. म्हणजे तुझं मनगट. खांद्याची शिवण तुझ्या दंडावर उतरत असणार, तिथे घासून कापड चकाकत होतं. घामाच्या खुणांवरून तुझी पाठ कळली. तू सुकलीयस वहिनी. नवा शर्ट मी दादाच्या मापाचा शिवला नाही. तुझ्या मापाचा शिवलाय. तू मागितलास तसा नाही, हे मला ठाऊक आहे.

डावी बाही मागितलीस तर पाठवीन.

धाकटी

*

३० मे

धाकटे,

मुदत संपायच्या दिवशी घातला. तुझं पत्र यायच्या आधीच. फार हुरळून जाऊ नकोस, तुझ्यासाठी नाही घातला. शेडमध्ये बसून पत्रा वाजताना ऐकवेना. रिकामं बसलं की तो मेलाय हे दिवसभर कळत राहतं. खराटा हातात असला की मधूनमधून विसरायला होतं.

कापड चांगलं आहे. घाम येतो, कापड ओलं होतं, वारा लागला की गार वाटतं. खांदा अजून शाबूत आहे. काखेतला तो चौकोन काय हुशारीने लावलायस. दोघी-तिघींनी विचारलं, कोणाकडून शिवलास. मी म्हटलं, नणंद आहे, बहिरी आहे, खोटारडी आहे, पण शिवते बरं. मुकादमाने हजेरी मांडली. रोलरवाला मात्र बघतच राहिला. म्हणाला, "बाई, तू एवढीशी आहेस होय?"

तेच वाईट आहे बघ. मला बरोबर बसतो. खांदा खांद्यावर, मनगट मनगटावर. सकाळी घालते आणि हात आपोआप बाही दुमडायला जातो, आणि दुमडायला काही नसतं. आत मी एकटीच. पहिले दोन-तीन दिवस उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

हाताला दवाखान्यातलं मलम लावते. खपली धरलीय. खूण राहील. त्याच्या कापडाची खूण आहे, राहू दे.

आता बटणांचं. हसायचीस ना मला? ती बटणं मी तोडायचे. त्याला सांगितलं जा बहिणीकडे, एकटी आहे, तर म्हणायचा, उगाच कशाला, तिला कामं असतात. पुरुषांना कारण लागतं. मग मी दोरा कात्रीने अर्धा कापून ठेवायचे, उरलेला त्याने घालताना तुटायचा. कपाळाला हात लावून म्हणायचे, मला नाही बाई जमत, जा तिच्याकडे. इतक्या वर्षांत त्याला कळलं नाही. की कळलं होतं, देव जाणे. अंधार पडेपर्यंत बसायचा हे मला माहीत होतं, दोन माणसांचं जेवण झाकून मीच बसायचे ना.

डावी बाही ठेव. मी मागत नाही. चोरून ठेवायची गरज नव्हती, तोंडाने मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं, आणि मग आठवड्याने पाठवली असती. तुला मी माहीत आहे म्हणतेस, तर एवढं माहीत असायला हवं होतं. उजवी आणि बाकीचे तुकडे मी ट्रंकेत ठेवलेत.

दुसरा शर्ट लागेल, एकावर धुणं-वाळवणं जमत नाही. हेच कापड, हाच खांदा, काखेत तोच चौकोन. फक्त बाह्या चार बोटं लांब ठेव. दुमडायला.

पुढच्या महिन्यात रस्त्याचा हा तुकडा संपला की काम आठ दिवस बंद राहणार आहे. बाकीच्या सगळ्या घरी जातील. आज नव्या शर्टाचं वरचं बटण तुटलं. सुई-दोरा इथे आहे माझ्याकडे. पण तुझ्याकडे घेऊन येते. त्या मोडक्या स्टुलाचा पाय तेवढा ठोकून ठेव, आणि कुठल्या कानाजवळ बोलायचं ते मला माहीत आहे.

वहिनी